निओडिमियमला हात लावण्याआधी: दुर्मिळ मृदा वेगळ्या करण्याचं गणित संगणकावर कसं मांडायचं

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्प निवडायची वेळ आली, की चोपडा, अमळनेर, शिरपूर, रावेरकडची दोन-चार मुलं दरवर्षी माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला असतो. "सर, रेअर अर्थवर काहीतरी करायचंय, पण कॉलेजात मोठी मशिनं नाहीत. एक पीसी आहे. जमेल का?"

जमतं. आठ कोअरचा, १६ जीबी रॅमचा साधा पीसी, लिनक्स शिकायची तयारी आणि तीन महिने नेटाने बसायची चिकाटी एवढं भांडवल पुरतं. घाई मात्र चालत नाही. बहुतेक मुलं पहिल्याच दिवशी निओडिमियम आणि प्रासिओडिमियम घेऊन बसतात, कारण वर्तमानपत्रात निओडिमियमच्या चुंबकांबद्दल वाचलेलं असतं. महिन्याभराने आकडे हाती येतात, पण त्यांचा अर्थ काही लागत नाही आणि मूल हिरमुसतं. तसं तुमचं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी अडचण नेमकी कुठे आहे

दुर्मिळ मृदा म्हणजे १७ मूलद्रव्यं: लॅन्थनमपासून ल्युटेशियमपर्यंतची १५, शिवाय स्कँडियम आणि यिट्रियम. नावात 'दुर्मिळ' असलं तरी ती जमिनीत फार कमी आहेत असं नाही. केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे, आणि ते काढून शुद्ध करण्यासाठी सरकारने १९५० मध्येच इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी उभी केली. खरं अवघड काम पुढचं आहे. ही सगळी एकाच खनिजात एकत्र सापडतात आणि एकमेकांपासून सुटायला तयार नसतात.

कारण असं, की पाण्यात बहुतेक सगळी ३+ प्रभाराची आयनं होतात. त्यांच्यातला फरक ज्या ४-एफ इलेक्ट्रॉनांमुळे आहे, ते आत दडलेले असतात आणि बंधात फारसा भाग घेत नाहीत. उरतो तो आकाराचा फरक. सहा शेजारी धरले तर लॅन्थनमच्या आयनाची त्रिज्या १.०३ अँगस्ट्रॉम आणि ल्युटेशियमची ०.८६. म्हणजे पूर्ण रांगेत मिळून ०.१७ अँगस्ट्रॉम, आणि शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांत जेमतेम ०.०१ ते ०.०२. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग, हे लक्षात घेतलं की काम किती बारीक आहे ते कळतं.

१८८५ मध्ये आउअर फॉन वेल्सबाख यांनी मूलद्रव्य समजल्या गेलेल्या 'डिडिमियम'मधून प्रासिओडिमियम आणि निओडिमियम वेगळे केले, तेही क्षारांचं पुन्हा पुन्हा स्फटिकीकरण करून. पुढे चार्ल्स जेम्स यांनी शुद्ध थुलियमसाठी तेच काम सुमारे १५ हजार वेळा केलं. माणसाने किती सोसलं आहे या मूलद्रव्यांसाठी! आज कारखान्यात द्रव-द्रव निष्कर्षण वापरतात, पण तिथेही एकामागून एक शेकडो टप्पे लावावे लागतात.

निष्कर्षण समजायला आपली शेवभाजी पुरे. वर तर्री येते ती लाल असते, कारण मिरचीचा रंग तेलात उतरतो. मीठ मात्र खालच्या पाणचट रश्श्यातच राहतं. पदार्थ कोणत्या थरात जाणार ते त्याच्या आवडीवर ठरतं. धातूचं आयन आपणहून केरोसिनमध्ये जात नाही, त्याला धरून नेणारा रेणू लागतो. तोच लिगँड. असा लिगँड हवा जो एका आयनाला घट्ट धरेल आणि त्याच्या शेजाऱ्याला जरा सैल. किती सैल, हे आपल्याला संगणकावर काढायचं आहे.

पहिली पायरी: कागदावर एक गणित करा

संगणक सुरू करण्याआधी हे गणित हाताने करा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाकडून मी ते करून घेतो.

एका थरात किती धातू गेला आणि दुसऱ्यात किती राहिला, या प्रमाणाला वितरण गुणांक म्हणतात. दोन धातूंच्या वितरण गुणांकांचं गुणोत्तर म्हणजे पृथक्करण गुणांक. हा आकडा आणि मुक्त ऊर्जेतला फरक यांचं नातं सोपं आहे: पृथक्करण गुणांकाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, त्याला आर-टीने (वायू स्थिरांक गुणिले केल्विनमधलं तापमान) गुणा. २५ अंश सेल्सियसला आर-टी म्हणजे २.४८ किलोज्यूल प्रति मोल.

गुणांक १० असेल तर फरक ५.७ किलोज्यूल. २.५ असेल तर २.३. आणि १.५ असेल, जसं अवघड शेजाऱ्यांच्या बाबतीत होतं, तर फक्त १ किलोज्यूल. दुसऱ्या बाजूला, अशा आयनाला पाण्याने धरून ठेवलेली ऊर्जा ३००० किलोज्यूलच्या वर असते. भरलेल्या ट्रकचं वजन करायचं आणि त्यावरून आत किती चिमट्या हळद जास्त आहे ते सांगायचं, असं हे काम आहे. ट्रकसकट वजन करत बसलात तर हळद कधीच सापडणार नाही. दोन ट्रक तराजूच्या दोन पारड्यांत घालायला हवेत.

आता हा छोटा फरक कारखान्याला किती महत्त्वाचा ते बघा. दोन्ही टोकांना ९९.९ टक्के शुद्धता हवी असेल, तर आदर्श गणितात कमीत कमी लागणारे टप्पे म्हणजे १३.८ भागिले गुणांकाचा नैसर्गिक लॉगॅरिदम. गुणांक १.५ असताना ३४ टप्पे येतात, २.५ केला की १५. प्रत्यक्षात टप्पे याच्या कितीतरी पट लागतात, पण प्रमाण साधारण तसंच राहतं. म्हणजे सव्वा किलोज्यूलच्या सुधारणेने निम्मा कारखाना, निम्मं आम्ल, निम्मं सांडपाणी वाचतं. म्हणून हे काम करायचं.

दुसरी पायरी: साधनं गोळा करा

पैसे खर्च करू नका. उबुंटू टाका. रेणू काढायला ॲव्होगाड्रो घ्या, ते फुकट आहे. रेणूच्या भूमितीचा पटकन अंदाज घ्यायला एक्सटीबी आणि वेगवेगळ्या ठेवणी शोधायला त्याच्यासोबतचं क्रेस्ट घ्या, दोन्ही खुल्या स्रोताची आहेत. खऱ्या ऊर्जेसाठी ओर्का. शिक्षण-संशोधनासाठी ते मोफत मिळतं, फक्त कॉलेजच्या ईमेलवरून नोंदणी करा. एफ-गटाच्या धातूंभोवती लिगँड नीट बसवून देणारं आर्किटेक्टर नावाचं पायथन साधन आहे, पण ते दुसऱ्या महिन्यात हाताळा. आधी हाताने चार कॉम्प्लेक्स, म्हणजे धातू आणि त्याला धरलेले रेणू, रचल्याशिवाय कुठे काय चुकलं ते दिसणार नाही.

आणि आपल्याकडच्या मे महिन्याची सोय आधी बघा. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीतला पीसी आठही कोअरवर रात्रंदिवस चालवला, तर तो तापून बंद पडतो. माझं एकदा तीन दिवस चाललेलं कंपनसंख्यांचं गणित असंच गेलं आणि मागे काहीच उरलं नव्हतं. तेव्हापासून उन्हाळ्यात मी सहाच कोअर लावतो, मोठी कामं रात्री दहानंतर सोडतो, पीसीला छोटा यूपीएस जोडतो आणि प्रत्येक मोठ्या कामाचे तुकडे करतो: आधी भूमिती, मग कंपनं, मग मोठ्या बेसिस सेटवर (इलेक्ट्रॉनांच्या कक्षा मांडायला वापरलेल्या फलांचा संच) ऊर्जा. प्रत्येक तुकड्याची फाइल वेगळी ठेवा. वीज गेली तरी एकाच तुकड्याचं नुकसान होतं.

तिसरी पायरी: लॅन्थनम आणि ल्युटेशियमपासून सुरुवात

सगळ्यात जास्त वेळ मला इथेच घालवायचा आहे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

लॅन्थनम ३+ मध्ये ४-एफ इलेक्ट्रॉन शून्य. ल्युटेशियम ३+ मध्ये पूर्ण १४. दोन्हींत एकही एकटा इलेक्ट्रॉन नाही, म्हणून मल्टिप्लिसिटी (एकट्या इलेक्ट्रॉनांची संख्या अधिक एक) १ आणि गणित सरळ चालतं. मधोमध गॅडोलिनियम आहे, ७ इलेक्ट्रॉन, प्रत्येक कक्षेत एक, मल्टिप्लिसिटी ८. तेही बऱ्यापैकी शहाणं वागतं. हे तीन हाताशी आले, की रांगेची दोन टोकं आणि मध्य तुमच्याकडे आला.

निओडिमियममध्ये ३ आणि डिस्प्रोसियममध्ये ९ इलेक्ट्रॉन असतात. ते सात कक्षांत अनेक प्रकारे बसू शकतात आणि त्या सगळ्या मांडण्यांची ऊर्जा जवळपास सारखी असते. साधं डीएफटी गणित, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढण्याची पद्धत, आज एका मांडणीत थांबतं, उद्या दुसऱ्या. या उड्या आपण शोधत असलेल्या फरकाहून कितीतरी मोठ्या असू शकतात. नवख्या मुलांचे आकडे बिघडतात ते बहुतेक इथे.

यावर तोडगा आहे. स्टुटगार्टच्या गटाने तयार केलेली 'मोठ्या गाभ्याची' स्यूडोपोटेन्शियल (आतल्या इलेक्ट्रॉनांऐवजी वापरायचं तयार सूत्र) वापरा. त्यात ४-एफ इलेक्ट्रॉन गाभ्यातच धरलेले असतात: लॅन्थनमसाठी गाभ्यात ४६, निओडिमियमसाठी ४९, डिस्प्रोसियमसाठी ५५, ल्युटेशियमसाठी ६०. प्रत्येक वेळी बाहेर ११ उरतात, ३+ आयनात ८, आणि सगळ्या रांगेची मल्टिप्लिसिटी १ होते. छोट्या गाभ्याची, म्हणजे २८ इलेक्ट्रॉनांची स्यूडोपोटेन्शियल घेतली, तर निओडिमियमला ४ आणि डिस्प्रोसियमला ६ द्यावी लागते. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. एका धातूला समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एकच वागणूक हवी. मोठ्या गाभ्याने रंग आणि चुंबकत्व समजणार नाही, पण बंधाची ताकद आणि आकाराचा परिणाम चांगला कळतो, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

एक्सटीबीबद्दल एक सूचना याच ओघात. त्यातही ४-एफ गाभ्यात आहेत आणि या रांगेतल्या मूलद्रव्यांचे बरेचसे आकडे दोन टोकांमधून काढून भरलेले आहेत. म्हणून आकार काढायला ते उत्तम आहे, पण शेजारच्या दोन धातूंच्या ऊर्जेतला फरक त्यातून काढून प्रबंधात लिहू नका.

चौथी पायरी: ज्याचं उत्तर माहीत आहे, तेच आधी सोडवा

नवीन लिगँडची हौस बाजूला ठेवा आणि ईडीटीए घ्या. पाण्याचा कठीणपणा मोजताना प्रत्येकाने तो हाताळला आहे. त्याचे दुर्मिळ मृदांबरोबरचे बांधणीचे स्थिरांक फार पूर्वी प्रयोगाने काढलेले आहेत. १० पायाच्या लॉगॅरिदममध्ये लॅन्थनम सुमारे १५.५, निओडिमियम १६.६, गॅडोलिनियम १७.४, डिस्प्रोसियम १८.३, ल्युटेशियम १९.८. टोकापासून टोकापर्यंत ४.३, म्हणजे साधारण २५ किलोज्यूल. एवढा फरक तुमच्या पद्धतीने पकडायलाच हवा. हाही पकडता येत नसेल, तर १ किलोज्यूलच्या गोष्टी बोलण्यात अर्थ नाही.

समीकरण असं मांडा: पाण्यात असलेला ल्युटेशियम आणि ईडीटीएत बसलेला लॅन्थनम एकमेकांशी जागा बदलतात. डावीकडे एक पाण्यातलं आणि एक ईडीटीएतलं कॉम्प्लेक्स, उजवीकडेही तसंच. हाच तो तराजू. ३+ प्रभारामुळे द्रावकाच्या गणितात होणारी मोठी चूक, बेसिस सेटची चूक, डीएफटीची स्वतःची चूक, या सगळ्या दोन्ही पारड्यांत जवळपास सारख्याच पडतात आणि बऱ्याच अंशी कटतात. एकट्या लॅन्थनमची ईडीटीएशी बांधणी काढायला गेलात, तर एकही चूक कटत नाही.

आता पाणी मोजा, नीट मोजा. लॅन्थनमपासून निओडिमियमपर्यंतच्या हलक्या आयनांभोवती ९ पाणी असतात. डिस्प्रोसियमपासून ल्युटेशियमपर्यंतच्या जड आयनांभोवती ८. मधली मंडळी दोन्हींच्या मध्ये हेलकावतात. ईडीटीए सहा जागा व्यापतो, उरलेल्या जागी हलक्यांना ३ आणि जडांना २ पाणी. लॅन्थनमचं नऊ पाण्यांचं कॉम्प्लेक्स २८ अणूंचं, तर तीन पाण्यांसकट ईडीटीए कॉम्प्लेक्स ४२ अणूंचं. पीसीला हे सहज झेपतं. दोन्ही बाजूंचं पाणी जुळलं तर उत्तम. एक पाणी मोकळं सुटत असेल, तर त्याच्या तीव्रतेची दुरुस्ती घालायलाच हवी. पाणी स्वतः ५५.३ मोलर असल्यामुळे ती एका रेणूमागे जवळजवळ १० किलोज्यूल होते. शिवाय वायूच्या एक वातावरण दाबापासून एक मोलरपर्यंत येण्याचे ७.९ किलोज्यूल वेगळे. या दोन दुरुस्त्या विसरल्यामुळे उत्तराचं चिन्हच उलटलेलं मी पाहिलं आहे.

कृती थोडक्यात सांगतो. ॲव्होगाड्रोत रचना करा, एक्सटीबीने सैल करून घ्या, क्रेस्टने ठेवणी शोधा, खालच्या पाच-सहा ठेवणी ओर्कात न्या. पीबीई-झिरो किंवा त्यासारखं फंक्शनल (डीएफटीचं सूत्र), डी-थ्री किंवा डी-फोर विक्षेपण दुरुस्ती (अणूंमधल्या क्षीण ओढीसाठी), लिगँडवर डेफ-टू मालिकेतला दुहेरी बेसिस सेट भूमितीसाठी आणि तिहेरी ऊर्जेसाठी, पाण्यासाठी सीपीसीएम किंवा एसएमडी हे द्रावकाचं प्रारूप. मग कंपनसंख्या. एखादी ऋण आली तर पाण्याचा एखादा रेणू चुकीच्या बाजूला वळलेला असतो; त्याच दिशेने थोडं हलवून पुन्हा सोडा.

उत्तर २५ ऐवजी ३५ आलं तरी घाबरू नका. चिन्ह बरोबर आहे का, लॅन्थनम, गॅडोलिनियम, ल्युटेशियम हा क्रम बरोबर येतो का, ते बघा. मग मोठ्या गाभ्याने निओडिमियम आणि डिस्प्रोसियम मध्ये घाला. पाच बिंदू आलेखावर मांडा, आडव्या अक्षावर आयनाची त्रिज्या, उभ्यावर ऊर्जा. प्रयोगाचे पाच बिंदूही त्याच कागदावर काढा. दोन रेषांतला तफावतीचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे तुम्ही जे जे सांगाल, त्याच्या शेजारी हा आकडा लिहायचा.

पाचवी पायरी: कारखान्यातला लिगँड

आता डी-टू-ईएचपीए घ्या, फॉस्फरसचं आम्ल. उद्योगात हे आणि याचा भाऊबंद पीसी-८८-ए फार वापरतात. दुर्मिळ मृदांची आयनं 'कठीण' आम्लं असल्याने त्यांना ऑक्सिजन आवडतो आणि फॉस्फरसला जोडलेला ऑक्सिजन विशेष आवडतो. केरोसिनमध्ये या आम्लाचे रेणू जोडीने राहतात. एका धातूला तीन जोड्या धरतात आणि बदल्यात तीन हायड्रोजन आयनं पाण्यात सोडतात.

पूर्ण कॉम्प्लेक्स ३३४ अणूंचं होतं. पीसीवर ते अडकेल. लांब शेपट्या कापून त्यांच्या जागी मिथाइल लावा, म्हणजे ८२ अणू उरतात. धातूजवळची ऑक्सिजनची मांडणी तीच राहते, म्हणून मोजायला हे चालतं. पण शेपटी कशासाठी असते ते विसरू नका. ती रेणूला तेलात विरघळवते, आणि फांदीदार असली की गर्दी करून निवडही बदलते. कापलेल्या रेणूवरून विद्राव्यतेबद्दल काही बोलू नये.

इथेही तीच अदलाबदल मांडा, फक्त एका बाजूचा द्रावक आता पाणी आणि दुसऱ्या बाजूचा हेक्सेन किंवा डोडेकेन. आधी लॅन्थनम-ल्युटेशियम, मग गॅडोलिनियम. जड आयन जास्त घट्ट बसतं असं यायला हवं, कारण प्रयोगात तसंच दिसतं. शेजाऱ्यांची जोडी शेवटी. आणि तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर चूक ४ किलोज्यूल लिहिलेली असेल, तर १ किलोज्यूलच्या फरकावर निर्णय देऊ नका. पूर्ण रांगेचा कल कसा उतरतो तेवढंच सांगा. कल तीव्र असलेला लिगँड शेजाऱ्यांनाही चांगला वेगळा करण्याची शक्यता जास्त, हे सांगणं प्रामाणिक आहे आणि उपयोगाचंही.

यानंतरच स्वतःचा लिगँड. ताठ सांगाडा घ्या, ज्याचे ऑक्सिजन आधीच ठरावीक अंतरावर उभे असतील. लवचीक लिगँड प्रत्येक आयनाप्रमाणे आपला घेर कमी-जास्त करतो आणि सगळ्यांशी जमवून घेतो. ताठ लिगँड विशिष्ट आकारालाच मानतो. निसर्गानेही निवडक पकड साधली आहे. लॅनमोड्युलिन नावाचं जिवाणूचं प्रथिन २०१८ मध्ये समोर आलं. ते दुर्मिळ मृदांना कॅल्शियमपेक्षा कोट्यवधी पटींनी घट्ट धरतं.

"हाई काय कामनं शे?"

असं घरचे विचारतील. विचारू द्या, आणि नीट उत्तर द्या. विद्युत वाहनाच्या मोटारीतल्या निओडिमियम चुंबकात वजनाच्या जवळपास ३० टक्के दुर्मिळ मृदा असतात आणि उष्णता सोसावी म्हणून त्यात थोडं डिस्प्रोसियम घालतात. चीनने एप्रिल २०२५ मध्ये डिस्प्रोसियमसह सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा जगभरच्या वाहन कंपन्यांची धावपळ झाली. साक्रीजवळ ब्राह्मणवेलला आपल्याकडे एवढ्या पवनचक्क्या आहेत. गिअरबॉक्सवाल्या जुन्या पद्धतीच्या पवनचक्कीला मोठं कायम चुंबक लागतंच असं नाही, पण गिअरबॉक्सशिवाय थेट फिरणाऱ्या नव्या प्रकाराला लागतं.

दीपनगरच्या वीज केंद्राच्या राखेतून हे काढता येईल का, हाही प्रश्न भुसावळची मुलं हमखास विचारतात. कोळशाच्या राखेत दुर्मिळ मृदा असतात, साधारणपणे टनाला काही शे ग्रॅम. पण त्या काचेसारख्या सिलिकेटमध्ये अडकलेल्या असतात, आणि सोबत लोह आणि ॲल्युमिनियम ढिगाने येतं. म्हणून राखेवर काम करायचं असेल, तर तुमच्या लिगँडने लॅन्थनम आणि निओडिमियम यांच्यातल्या निवडीआधी लोह ३+ आणि दुर्मिळ मृदा यांच्यात निवड करून दाखवावी. ही अदलाबदल संगणकावर मांडायला सोपी आहे, फरक मोठा आहे, आणि पहिल्या प्रकल्पाला मला तरी हा विषय फार योग्य वाटतो. लोहाची मल्टिप्लिसिटी मात्र ६ द्या.

शेवटची पायरी प्रयोगशाळेत

संगणक आम्लता सांगत नाही, थर किती वेळाने सुटतील ते सांगत नाही, मध्येच तिसरा थर तयार होईल का तेही सांगत नाही. म्हणून तुमच्या यादीतला एक लिगँड तरी बाटलीत घालून बघा. त्यासाठी आयसीपी (धातूंचं प्रमाण मोजणारं यंत्र) लागतंच असं नाही.

लॅन्थनम नायट्रेट आणि गॅडोलिनियम नायट्रेट यांची वेगवेगळी पातळ द्रावणं करा. एकत्र नकोत, म्हणजे मोजमाप सोपं राहील. दोन्हींची आम्लता सारखी ठेवा. सेपरेटिंग फनेलमध्ये केरोसिनमधल्या लिगँडबरोबर दहा मिनिटं हलवा, हातात मोजे घालून आणि अधूनमधून तोटी उघडून दाब सोडत. थर नीट सुटू द्या. खालचं पाणी काढून घ्या, हेक्सामिन बफरने आम्लता ५ ते ६ च्या दरम्यान आणा, झायलेनॉल ऑरेंजचे थेंब टाका आणि ब्युरेटमधून ईडीटीए सोडा. लालसर जांभळा रंग लिंबासारखा पिवळा झाला की थांबा. सुरुवातीला किती धातू होता त्यातून हा वजा केला, की तेलात किती गेला ते मिळतं. दोन्ही धातूंचे वितरण गुणांक काढा, त्यांना भागा, नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, २.४८ ने गुणा, आणि तो आकडा वहीत संगणकाच्या आकड्याशेजारी लिहा.